तापीचे पाणी आणि समुद्राचे गणित

अरबी समुद्राचे संगणकीय मॉडेल प्रत्यक्ष समुद्राशी कितपत जुळते हे तपासणे, हे माझे काम आहे. वारा, ऊन, बाष्पीभवन आणि पाऊस यांची आकडेवारी मॉडेलला पुरवली की ते समुद्राचे जाळीसारख्या चौकटींत भाग पाडून पाण्याच्या हालचालीची समीकरणे एकेका चौकटीसाठी सोडवत जाते आणि तापमान, क्षारता, प्रवाह, पातळी अशी उत्तरे देते. ती उत्तरे मोजमापांसमोर ठेवून त्यांतली चूक शोधायची असते. या पुरवठ्यात नद्यांचे पाणीही असते. आमच्या नोंदींत तापीच्या नावापुढे बारा महिन्यांचे बारा आकडे आहेत आणि वर्ष कोणतेही असो, तेच आकडे पुन्हा वापरले जातात. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत जाणारी आणि सुरतेजवळ खंभातच्या आखातात उतरणारी ही नदी, जिच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे, ती बारा आकड्यांत मावते का, हे काठावर जाऊन पाहावे असे फार दिवस मनात होते. सप्टेंबरच्या अखेरीस सवड मिळाली. सोबतीला नाना आले. नाना माझे चुलते. पाटबंधारे खात्यातली त्यांची बहुतेक नोकरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत झाली, त्यामुळे तापीवरचा कोणता बंधारा कुठे आणि कोणत्या रस्त्याने लवकर पोहोचता येते, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही.

रविवार : चांगदेव आणि हतनूर

चांगदेवाच्या मंदिराजवळ पूर्णा तापीला मिळते. हतनूर धरणाचा फुगवटा इथवर पोहोचतो, त्यामुळे या दिवसांत दोन नद्यांऐवजी एकच रुंद जलाशय दिसतो. नानांनी घाटावरून पाण्याचे दोन रंग दाखवले. पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येते, तिचे पाणी अधिक गढूळ होते आणि तो गढूळपणा बऱ्याच अंतरापर्यंत एका बाजूने वेगळा ओळखू येत होता. मिसळण्याची क्रिया किती सावकाश होते, हे इतके स्पष्ट मी कधी पाहिले नव्हते. समुद्राच्या मॉडेलमध्ये ही क्रिया सर्वांत अवघड असते, कारण पाणी ज्या भोवऱ्यांमुळे मिसळते ते चौकटीपेक्षा कितीतरी लहान असतात. ते सोडवता येत नाहीत, त्यांचा एकत्रित परिणाम अंदाजाने लिहावा लागतो.

दुपारी हतनूरला गेलो. धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडे होते आणि पाण्याच्या आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. थोडे मागे सरकल्यावर नाना म्हणाले, “इथून किती पाणी सुटते आहे ते कोणी थेट मोजत नाही, पोरी. दरवाजा किती उचलला आणि मागे पाणी किती उंच आहे, या दोन गोष्टी मोजतात आणि त्यांवरून विसर्ग काढतात.”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले, कारण आमच्या कामातली एक मोठी गोष्ट त्यात आहे. मॉडेल हे गणित आणि मोजमाप हे सत्य, अशी विभागणी आपण मनात करून टाकतो. प्रत्यक्षात मोजमापातही गणित असते. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्राची पातळी मोजायला सुरुवात केली, २०१३ मध्ये भारत आणि फ्रान्स यांचा सरल उपग्रह त्याच कामासाठी गेला. पण हे उपग्रह पातळी मोजत नाहीत, रडारची लहर खाली जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. त्यातून हवेतल्या बाष्पामुळे झालेला उशीर, लाटांचा परिणाम, भरती-ओहोटी हे सारे वजा करावे लागते, तेव्हा कुठे पातळीचा आकडा हाती येतो. म्हणून मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक काढताना मोजमापाची स्वतःची चूक किती, हे आधी ठाऊक असावे लागते. फरक त्या चुकीहून लहान असेल, तर मॉडेल आणखी सुधारल्याचा दावा त्या मोजमापाच्या आधारे करता येत नाही.

सोमवार : जळगाव

मुक्काम चुलत भावाकडे होता. रात्री शेवभाजीची पंगत उठल्यावर त्याच्या महाविद्यालयातले काही विद्यार्थी आले आणि बोलणे मॉडेलवर गेले. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये महासागराच्या अभिसरणाची संगणकीय रीत मांडली आणि आजच्या अनेक मॉडेलची वंशावळ तिथपर्यंत जाते, हे मी सांगितले. मग चौकटींचा आकार आला. एक अंशाची चौकट म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; अशा जाळीत खंभातच्या आखाताला धड आकारच उरत नाही, मग तापीचे मुख कुठून दिसणार? अंशाच्या बाराव्या भागाची, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरची जाळी घेतली तर आखात दिसू लागते, पण भावनगरला दहा मीटरहून मोठी भरती-ओहोटी ज्या उथळ, निमुळत्या तळामुळे येते त्याचे बारकावे तरीही निसटतात.

नानांनी मात्र चौकटींना हात न घालता सरळ मुद्द्याला हात घातला. “तुमचे मॉडेल बरोबर आहे हे ठरवता कसे?” मी सांगितले की मॉडेलचे आकडे आणि मोजलेले आकडे एकाच वेळी वर-खाली होतात का, हे सहसंबंधाने पाहतो, आणि ते एकमेकांपासून सरासरी किती दूर आहेत, हे प्रत्येक चुकीचा वर्ग करून त्या वर्गांची सरासरी काढून पाहतो. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग मीही सांगतो. तापी ऑगस्टमध्ये भरून वाहील आणि मे महिन्यात आटेल. माझा सहसंबंध चांगला येईल की नाही?”

येईल, आणि फार चांगला येईल. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ऋतूंबरोबर इतके नियमित बदलते की ज्या मॉडेलला ऋतुचक्राव्यतिरिक्त काहीही कळत नाही तेसुद्धा उत्तम गुण मिळवते. म्हणून प्रामाणिक तपासणीत अनेक वर्षांची त्या त्या महिन्याची सरासरी आधी वजा करतात आणि उरलेल्या भागात मॉडेलला काही कळते का, ते पाहतात. पूर्वानुमान असेल तर त्याहून सोपा प्रतिस्पर्धीही समोर उभा करावा लागतो: आज जसा समुद्र आहे तसाच परवा राहील, असे म्हणणारा. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी या साध्या अंदाजाला हरवणे अनेकदा जड जाते. २००१ मध्ये कार्ल टेलर यांनी सहसंबंध, चढउतारांचा आकार आणि चूक ही तिन्ही मापे एकाच आकृतीत मांडण्याची युक्ती काढली आणि ती जगभर वापरली जाते. पण त्या आकृतीत काय भरायचे, ऋतुचक्रासह की ऋतुचक्र वगळून, हा निर्णय माणसाचाच असतो आणि निकाल बहुतांशी तिथेच ठरतो.

एका विद्यार्थिनीने आर्गोबद्दल विचारले. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो यंत्रे तरंगत असतात. प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजते आणि पृष्ठभागावरून उपग्रहाला कळवते. हिंदी महासागरातल्या भारतीय आर्गो यंत्रांचे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. “मग तपासायला इतकी माहिती पुरेशी आहे ना, मॅडम?” असे तिने म्हटले, तेव्हा मला थांबून सांगावे लागले की रोजचे पूर्वानुमान देणाऱ्या बहुतेक मॉडेलमध्ये हीच आर्गोची मोजमापे आधीच मिसळून घेतलेली असतात, जेणेकरून आजची सुरुवात खऱ्या समुद्राच्या जवळची व्हावी. त्याच मोजमापांशी पुन्हा जुळवणी केली तर ती पेपर फुटलेली परीक्षा होते. तपासणीसाठी काही मोजमापे मॉडेलपासून दूर ठेवावी लागतात. ती आधीच बाजूला काढून ठेवण्याचा संयम संस्थांनी दाखवावा, असे मला मनापासून वाटते, कारण एकदा मिसळलेली माहिती पुन्हा वेगळी करता येत नाही.

मंगळवार : गिधाडे

सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने निघून शिंदखेड्याला उतरलो आणि जीपने गिधाड्याला गेलो. इथे केंद्रीय जल आयोगाचे मोजणीचे ठिकाण आहे. तापीवर बऱ्हाणपूर, भुसावळ, सारंगखेडा इथेही अशी ठिकाणे आहेत. सगळ्या प्रवासात मला सर्वांत अधिक वेळ इथेच थांबावेसे वाटले.

काठाच्या उतारावर एकामागून एक खांब रोवलेले आहेत आणि प्रत्येकावर मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी आहे. पाणी चढले की खालची पट्टी बुडते आणि वरच्या पट्टीवर वाचन सुरू होते. त्या दिवशी पाण्याच्या रेषेच्या बरेच वर एका खांबावर वाळलेल्या गाळाचा पट्टा होता, त्यात कपाशीचे एक बोंड आणि प्लॅस्टिकची दोरी अडकलेली होती. पाणी अलीकडेच तिथपर्यंत येऊन गेले होते. पट्टीवरची खूण दोन आकड्यांच्या मध्ये आली आणि पाणी हलत असले की वाचणारा माणूस काही वेळ टक लावून पाहतो, वरचे आणि खालचे टोक मनात धरतो आणि मधला आकडा लिहितो.

पातळीवरून विसर्ग काढायचा तर नदीचा वेग लागतो. त्यासाठी नावेतून प्रवाहमापक सोडतात. त्याला लहान वाट्यांचे एक चक्र असते, ते पाण्याच्या वेगाने फिरते आणि ठरावीक फेऱ्यांमागे एक टक् असा आवाज देते. ते आवाज मोजून घड्याळाशी लावले की वेग मिळतो. नदीची रुंदी भागांमध्ये वाटून प्रत्येक भागात पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर हे यंत्र धरतात, कारण तिथला वेग त्या उभ्या ओळीतल्या सरासरी वेगाच्या जवळ असतो. भागाचे क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या भागांची बेरीज. अशा अनेक दिवसांच्या मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांची वक्ररेषा काढली की मग एरवी नुसती पट्टी वाचून काम भागते. मोठ्या पुरात नाव घालणे धोक्याचे असते, म्हणून त्या रेषेचे वरचे टोक पुष्कळदा प्रत्यक्ष मोजणीशिवाय पुढे वाढवलेले असते. ज्या विसर्गाचा समुद्रावर सर्वांत मोठा परिणाम व्हायचा, नेमका तोच सर्वांत कमी खात्रीचा असतो.

पावसाळ्यात हे वाचन दर तासाला, रात्रीसुद्धा होते. का, असे विचारल्यावर तिथल्या वयस्कर गृहस्थांनी अहिराणीत एवढेच सांगितले, “मोठा पूर रातलेच येस, ताई.” वहीची पाने उलटताना मला तापीचा खरा स्वभाव दिसला. कित्येक दिवस आकडा जवळजवळ जागचा हलत नाही आणि मग एका रात्रीत कितीतरी मीटर चढून दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरतो. वर्षभरात समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा अशा मोजक्या दिवसांत जातो. महिन्याच्या सरासरीत हे सगळे पाणी तीस दिवसांवर सारखे पसरले जाते. एकूण पाणी तेवढेच राहते, पण समुद्राला मिळणारा धक्का नाहीसा होतो. गोडे पाणी हलके असते. ते एकदम आले तर पृष्ठभागावर पातळ थर होऊन दूरवर पसरते, वाऱ्याला खालच्या थंड पाण्याशी ते सहज मिसळता येत नाही आणि तो थर उन्हाने लवकर तापतो. तेच पाणी थेंबाथेंबाने आले तर आखातातल्या जोरदार भरती-ओहोटीत मुखाजवळच मिसळून जाते. मॉडेलला यांपैकी एकच कथा सांगितली जाते आणि ती दुसरी असते.

बुधवार : सारंगखेडा, प्रकाशा

सारंगखेड्याचा बंधारा आणि मग प्रकाशाचा बंधारा, असे दोन्ही एका दिवसात पाहिले. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो ते मैदान आता गवताने भरलेले होते. प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. केदारेश्वराच्या घाटावर गर्दी नव्हती.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी दरवाजांनी धरून ठेवलेली असते. नानांनी हे सांगितले तेव्हा मला आमच्या कामातली एक जुनी सवय आठवली, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे. पाऊस आणि नद्या यांची माहिती अपुरी असल्यामुळे मॉडेलमधली पृष्ठभागाची क्षारता कालांतराने भरकटते. ती भरकटू नये म्हणून पुष्कळ मॉडेलमध्ये तिला जुन्या मोजमापांच्या सरासरीकडे हळूहळू ओढत राहतात. मॉडेल दीर्घकाळ चालवण्यासाठी हा उपाय उपयोगी आहे आणि तो लपूनछपून केला जात नाही. पण असे मॉडेल तपासायला घेऊन पृष्ठभागाची क्षारता मोजमापांशी छान जुळते असे म्हणणे, म्हणजे बंधाऱ्याच्या वरची पातळी पाहून नदी बाराही महिने भरलेली असते असे म्हणणे होय. नदीचे आकडे पार चुकीचे असले तरी ही ओढ ती चूक झाकून टाकते. पृष्ठभागाच्या तापमानाचेही काहीसे असेच आहे. मॉडेलला वरच्या हवेचे मोजलेले तापमान दिलेले असते आणि ती हवाच समुद्राला फार दूर जाऊ देत नाही.

चूक पाहायची तर जिथे कोणी धरून ठेवलेले नाही तिथे पाहावे लागते: वरचा मिसळलेला थर किती खोल आहे, त्याच्या खाली तापमान किती वेगाने उतरते, आणि गोड्या पाण्याचा थर उबदार थराहून पातळ आहे का. बंगालच्या उपसागरात गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या पाण्यामुळे असा पातळ थर बनतो आणि अनेक मॉडेल तिथेच अडखळतात. त्यांचा समुद्र वरच्या थरात खऱ्याहून अधिक खारट आणि अधिक मिसळलेला निघतो. पृष्ठभागाचा नकाशा सुंदर दिसला की तपासणी संपली, असे मानण्याचा मोह आवरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गुरुवार : नंदुरबार

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजाराला अजून अवकाश होता आणि दिवसभर पावसाची भुरभुर होती, त्यामुळे फारसे फिरणे झाले नाही. खाणावळीत शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने मी काय करते ते ऐकून विचारले की समुद्राच्या या हिशोबाचा आमच्या पावसाशी काय संबंध. संबंध जवळचा आहे. बंगालच्या उपसागरात तयार होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे तापीच्या खोऱ्यात मोठा पाऊस देतात, आणि त्यांचे बळ खालच्या समुद्राच्या उबेवर अवलंबून असते. दुसरे उदाहरण अरबी समुद्राचे. हवामानाची अनेक जागतिक मॉडेल हिवाळ्यात आणि वसंतात उत्तर अरबी समुद्र खऱ्याहून थंड दाखवतात, कारण त्यांच्यात जमिनीवरून येणारा कोरडा ईशान्य वारा अधिक थंड असतो. थंड समुद्रातून बाष्प कमी उठते आणि त्या मॉडेलमधला मोसमी पाऊस सुरुवातीला दुबळा पडतो. त्या गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि पेरणीच्या आधीचा अंदाज सुधारण्यासाठी हे चालले असेल तर नीट करा, असे सांगितले.

शुक्रवार : नवापूर

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. इथून पुढे उकाई धरणाचा फुगवटा लागतो. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची मूळ साठवण सात अब्ज घनमीटरहून अधिक आहे, म्हणजे खान्देशातून गेलेले पाणी समुद्राला कधी आणि किती मिळायचे हे मुख्यतः इथे ठरते. १९७२ च्या आधीच्या मोजण्या ज्या सरासरीत मिसळल्या असतील, ती आजच्या तापीला लागू पडत नाही.

बारा आकड्यांऐवजी रोजचा विसर्ग दिला तर मॉडेल सुधारते का, याची परीक्षा कोणत्या वर्षावर घ्यावी असा विषय निघाला, तेव्हा नानांचा आग्रह २००६ च्या ऑगस्टचा होता. त्या पुरात उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरत बुडाली. क्युसेकचे घनमीटर करून पाहिले तर त्या वेगाने एका दिवसात सव्वादोन घन किलोमीटरच्या जवळपास गोडे पाणी आखातात जाते. “यापेक्षा मोठी परीक्षा कुठली?” असे नाना म्हणाले. प्रश्न रास्त होता, पण परीक्षा घ्यायची तर उत्तर तपासायलाही काही हवे. आर्गो यंत्रे खोल समुद्रातली; उथळ आणि वेगवान भरतीच्या आखातात ती येत नाहीत. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळीची नोंद आहे, पण तापीचे पाणी क्षारतेतून दिसते, इतक्या दूरच्या पातळीतून नव्हे. क्षारता मोजणारा पहिला उपग्रह स्मॉस २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गेला आणि स्मॅप २०१५ मध्ये. त्यांचा एकेक ठिपका चाळीस किलोमीटर किंवा अधिक रुंदीचा असतो आणि किनाऱ्याजवळ जमिनीची बाधा होते, तरी आखाताच्या तोंडाबाहेर ते उपयोगी पडतात. नदीचे टोक तासातासाने मोजलेले आहे, खोल समुद्र दहा-दहा दिवसांनी मोजलेला आहे, आणि मधल्या पट्ट्यात मोजमापांचा दुष्काळ आहे. गुजरातच्या किनाऱ्यालगत क्षारता मोजणारी आणखी काही स्थिर यंत्रे बसली, तर मॉडेलच्या तपासणीला त्याचा उपयोग नव्या महासंगणकाहून अधिक होईल.

फलाटावर बसून आम्ही २०१९ हे वर्ष निवडले. त्या वर्षी देशातला मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला आणि दोन्ही उपग्रहही वर होते. अडचण अशी की त्याच वर्षी हिंदी महासागरात पूर्व-पश्चिम तापमानाचा फरक असाधारण तीव्र होता, त्यामुळे अरबी समुद्रात जे वेगळे दिसेल ते सारे तापीच्या माथी मारता येणार नाही. म्हणून मॉडेल दोनदा चालवायचे: वारा, ऊन, पाऊस, चौकटी सगळे तेच, फक्त एकदा तापीचे बारा आकडे आणि एकदा रोजचा विसर्ग. क्षारतेची ओढ दोन्ही वेळा बंद ठेवायची. आखाताबाहेरच्या कोणत्या ठिपक्यांवर, कोणत्या आठवड्यांत आणि किती फरक पडला तर रोजच्या आकड्यांमुळे मॉडेल सुधारले असे म्हणायचे, हे आकडे पाहण्याआधी लिहून ठेवायचे. फरक उपग्रहाच्या चुकीहून लहान निघाला तर तसेच नोंदवायचे. नानांनी माझ्या वहीत त्याखाली तारीख घालून सही केली आणि मला सही करायला लावली. मग भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा झाली.